वाळलेल्या लाकडाची तस्बीह



मृग नक्षत्र लागून चार दिवस झाले होते. अणदूरमध्ये जुमाची नमाज झाल्यावर काही तरुण माझ्याजवळ येऊन बसले. विषय कब्रस्तानातील चिंचेचा होता. झाड जुने आहे. आज सत्तरी ओलांडलेल्यांनीही ते बालपणापासून असेच थोराड पाहिले आहे. त्याची पूर्वेकडील बाजू हिरवीगार आहे, पश्चिमेकडील वाळली आहे. शेंड्याकडील फांद्यांना दिवसभर वाघळे लोंबकळतात. खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, खोडातून अर्धचंद्राकृती, तांबूस तपकिरी, लाकडासारख्या टणक बुरशीचे थर बाहेर आले आहेत आणि त्यांच्या वरच्या अंगाला एक ढोली आहे. तरुण म्हणाले, "मौलाना, वर वाघळे, खाली बुरशी. जनाजा घेऊन गेलो की अंगावर घाण पडते. निपाहची भीती वेगळीच. खोड आतून सडले आहे. झाड काढूनच टाकू. शरीअतची काही हरकत नाही ना?"

मी मान डोलावली. सडलेले झाड काढायला कसली हरकत, असे बोलूनही गेलो. तेव्हा मागे बसलेले एक वृद्ध, ज्यांचे आयुष्य गावातील कबरी खोदण्यात गेले आहे, हळूच म्हणाले, "मौलाना, त्या झाडाखाली माझे अब्बा आहेत. झाड सडले हे खरे. पण सडवणाऱ्यालाही कुणीतरी कामाला लावलेच असेल ना?"

त्यांच्या या प्रश्नाने माझे उत्तर अपुरे ठरविले. मी केवळ नाक मुरडून उत्तर दिले होते. ग्रंथ उघडले नव्हते आणि झाडाकडे नीट पाहिलेही नव्हते. पुढील काही दिवस मी दोन्ही केले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. हा फतवा नाही. एका प्रश्नावरील चिंतन आहे. प्रश्न असा: जे आपल्याला ओंगळ, निरुपयोगी किंवा भयावह वाटते, त्याचे अल्लाहच्या सृष्टीतील स्थान कोणते, आणि त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय?

भाषेने आधीच दिलेला निवाडा

माणूस विचार करू लागण्यापूर्वीच त्याची भाषा त्याच्यासाठी पुष्कळसे ठरवून ठेवते. ज्याचे विचार जुनाट झाले त्याला मराठीत आपण 'बुरसटलेला' म्हणतो. वाघळाची गतही निराळी नाही. फारसी व उर्दू काव्यात ते उजेडाचे वैरी म्हणून येते. संध्याकाळी एखादी पाकोळी घरात शिरली की आपल्याही घरांतून कुणाचे तरी वाईट होणार अशी कुजबुज सुरू होते. वस्तुतः प्रेषितांनी (स.) शकुन-अपशकुनाची समजूत स्पष्ट शब्दांत फेटाळली आहे, घुबडाविषयीची अरबांची भयकल्पनाही त्यातच निकालात निघाली. सहीह बुखारीत ही शिकवण नोंदलेली आहे. ज्या उम्मतला घुबडाची भीती बाळगण्यास मनाई झाली, तिने वाघळाला अपशकुनी मानावे, हे शोभणारे नाही.

किळस ही भावनाही अल्लाहनेच दिलेली आहे. नासलेल्या अन्नापासून, दूषित पाण्यापासून ती आपले रक्षण करते. तिने 'सावध हो' असे सांगितले की तिचे काम संपते. समोरची वस्तू व्यर्थ आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तिला नाही. पवित्र कुरआनने सूरह आले-इमरानमध्ये (आयत १९१) बुद्धिमंतांचे वर्णन केले आहे. उठता, बसता, पहुडता ते अल्लाहचे स्मरण करतात, आकाश व पृथ्वीच्या रचनेवर चिंतन करतात आणि मग कबुली देतात की यातील काहीच निरर्थक निर्माण झालेले नाही. येथील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी स्मरण, मग चिंतन आणि शेवटी निष्कर्ष. मी निष्कर्षापासून आरंभ केला होता.

वर लटकलेले वाघूळ

आपल्या चिंचेवर राहणारे वाघूळ ही भारतातील वटवाघळांची सर्वांत मोठी जात आहे. त्याने पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरभराहून अधिक अंतर भरते. वजन किलोच्या आसपास, कधी दीड किलोपर्यंत असते. ते पक्षी नाही. पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे. मादीला वर्षाकाठी साधारणतः एकच पिल्लू होते आणि पहिले काही आठवडे ती त्याला छातीशी बिलगवून उडते. वटवाघूळ आंधळे असते ही समजूतही खोटी. किडे खाणारी लहान पाकोळी आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून अंधारात वाट काढते. फळे खाणारे हे मोठे वाघूळ मात्र डोळ्यांनी पाहते आणि वासाने फळ शोधते.

मगरिबची अजान होते तेव्हा ही वाघळे एकामागून एक फांदी सोडतात आणि रात्रभर कित्येक किलोमीटर हिंडतात. फळातील रस चोखून ती चोथा थुंकतात, बारीक बिया त्यांच्या विष्ठेवाटे दूरदूर पडतात. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ यांचा प्रसार अशा रीतीने होतो. मोहासारख्या झाडांच्या फुलांवर बसताना ती परागही वाहून नेतात. अणदूरपासून जवळच नळदुर्गचा किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळी, १६१३ साली, तेथे बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. आज अशा जुन्या तटांच्या भेगांतून पिंपळ आणि उंबर डोकावतात. ती झाडे कुणी लावलेली नाहीत. पक्ष्यांनी आणि वाघळांनी रात्रंदिवस केलेली ती पेरणी आहे. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात जो जीव एकही रोप न मागता वडाचे बी वाहून नेतो, त्याच्याकडे पाहून आपण फक्त कपडे झटकतो.

आपल्या पूर्वसूरींनी मात्र त्याच्याकडे विस्मयाने पाहिले. प्रेषित ईसा (अ.) यांनी अल्लाहच्या आज्ञेने मातीच्या आकृतीत प्राण आणल्याचा उल्लेख कुरआनात आहे. तो पक्षी वटवाघूळ होता, असे मत काही भाष्यकारांनी नोंदविले आहे आणि त्याची रचना उडणाऱ्या जीवांत सर्वाधिक विलक्षण आहे, हे त्याचे कारण दिले आहे. हजरत अली (रजि.) यांच्या नावे संकलित झालेल्या 'नहजुल बलागा' या संग्रहात तर वटवाघळाच्या रचनेवर एक स्वतंत्र प्रवचनच आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न अम्र (रजि.) यांचे वटवाघळांना मारू नका असे सांगणारे एक वचन इमाम बैहकी (रह.) यांनी नोंदविले आहे. ते प्रेषितवचन नव्हे, सहाबींचे वचन आहे, हे स्पष्ट केलेच पाहिजे. तरीही त्यातून त्या पिढीची वृत्ती कळते.

आणखी एक गोष्ट मला मदरशातील दिवसांपासून आठवते. हनफी फिकहच्या ग्रंथांत वटवाघळाच्या मूत्राने व विष्ठेने कपडा नापाक होत नाही असे नमूद आहे, कारण त्यापासून सर्वथा वाचणे लोकांना कठीण आहे. त्या काळी मशिदींच्या उंच छतांत वटवाघळे राहत असत. आमच्या फुकहांनी त्यांना हुसकावण्याचा आदेश दिला नाही; नमाजींची अडचण दूर केली. तरुणांच्या पहिल्या तक्रारीचे उत्तर येथेच मिळते. डाग धुवावा, स्वच्छता राखावी, परंतु त्या डागामुळे नमाज अडत नाही.

याउलट आपल्या देशाच्या कायद्याला बरीच वर्षे लागली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणाऱ्या वाघळांची गणना उंदीर व कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच वगळली आणि आपले हे वाघूळ संरक्षित झाले. या कायद्यात पूर्वीपासून एका वटवाघळाला मात्र सर्वोच्च संरक्षण होते. त्याची कथा आपल्यासाठी बोधप्रद आहे. १९४८ साली दक्षिण भारतातील डोंगरांत मिळालेला त्याचा नमुना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत एका सामान्य वटवाघळाच्या नावाने वीस वर्षांहून अधिक काळ पडून होता. पुढे एका थाई अभ्यासकाने तो नीट तपासला. ती जात सर्वस्वी नवी होती, आणि तिला थोर पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले. एवढ्या विद्वानांच्या संस्थेतही ते वटवाघूळ चुकीच्या नावाखाली राहिले, कारण ते 'ओळखीचे' वाटत होते. आपणही ज्याला 'ओळखतो' असे समजतो, त्याच्याकडे पुन्हा पाहत नाही.

खाली कामाला लागलेली बुरशी

आता खोडाकडे वळू. बाहेर दिसणारा तो टणक अर्धचंद्र म्हणजे संपूर्ण बुरशी नव्हे. ते केवळ तिचे फळ आहे. शास्त्रज्ञ या प्रकाराला गॅनोडर्मा म्हणतात. तिचे खरे शरीर लाकडाच्या आत पसरलेल्या, केसाहूनही बारीक अशा असंख्य तंतूंचे असते. फळाच्या खालच्या फिकट पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि त्यांतून तपकिरी भुकटीसारखे अब्जावधी बीजकण हवेत जातात. ती वनस्पती नाही, कारण ती सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करीत नाही. प्राणी तर नाहीच. १९६९ साली व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची जी पाच सृष्टींत विभागणी मांडली, तीत कवकांची सृष्टी वेगळी धरली. वाघळाला पक्षी म्हणावे की पशू असा लोकांना प्रश्न पडतो, तसाच हिलाही काय म्हणावे असा प्रश्न शास्त्राला दीर्घकाळ होता. दोघेही आपल्या नेहमीच्या खणांत बसत नाहीत आणि कदाचित म्हणूनच दोघांविषयी मनात अढी आहे.

तिचे कार्य काय? लाकडाला ताठपणा देणारे एक द्रव्य असते, त्याला लिग्निन म्हणतात. ते इतके चिवट असते की फार थोड्या सजीवांना त्याचे पूर्ण विघटन करता येते. त्यांत गॅनोडर्मासारख्या बुरशींचा क्रम पहिला आहे. त्या नसत्या, तर पडलेली झाडे वर्षानुवर्षे तशीच साचली असती आणि त्यांत अडकलेला कस मातीत परतला नसता. झाडाने पन्नास-शंभर वर्षे जमिनीकडून जे उसने घेतले, ते बुरशी कणाकणाने जमिनीला परत करते. वाघूळ बी पुढे नेते आणि बुरशी खोड मागे आणते. एकाच्या हाती आरंभाचे काम, दुसरीच्या हाती परतफेडीचे. अल्लाहच्या सुंदर नावांत अल-मुहयी, जीवन देणारा, हे जसे आहे, तसेच अल-मुमीत, मृत्यू देणारा, हेही आहे. पहिल्या नावाच्या खुणा पाहून आपण सुब्हानल्लाह म्हणतो. दुसऱ्या नावाच्या खुणा दिसल्या की तोंड फिरवितो.

कब्रस्तानात तरी असे तोंड फिरविणे आपल्याला परवडणारे नाही. मयतवर तीन मुठी माती टाकताना आपण सूरह ताहामधील ज्या आयतचे (५५) पठण करतो, तिचा आशय हाच आहे की मातीतून आपल्याला घडविले, मातीतच परत नेले जाईल आणि तिच्यातूनच पुन्हा उठविले जाईल. परतीचे हे कार्य कुठल्या ना कुठल्या सूक्ष्म सेवकाकडून होते. त्या चिंचेच्या खोडाशी जे चालले आहे, ते पाहून माणसाने स्वतःची आठवण करावी.

आणि या दोघांची भेटही त्याच खोडात होते. झाडाच्या गाभ्यातील लाकूड बुरशीने पोखरले की कालांतराने ढोली तयार होते. त्या ढोलीत पोपट घरटे करतो, पिंगळा राहतो आणि किडे खाणारी पाकोळीही दिवसा तेथेच विसावते. वरच्या उघड्या फांद्यांवरील मोठ्या वाघळाला ढोली लागत नाही, पण त्याच्या धाकट्या भावंडांचे घर बुरशीने खोदलेले असते. तेथे साचलेली त्यांची विष्ठा झाडाच्या मुळाशी खत होऊन जाते. ज्याला आपण 'सडणे' म्हणत होतो, त्याला ढोलीतला जीव 'घर' म्हणत असेल.

हिरवे आणि वाळलेले

आता शरीअतच्या प्रश्नाकडे येऊ. प्रेषितांनी (स.) एकदा दोन कबरींवर हिरव्या फांदीचे तुकडे रोवले आणि ते सुकेपर्यंत त्या दोघांची यातना हलकी होण्याची आशा व्यक्त केली, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. या आधारावर अल्लामा इब्न आबिदीन शामी (रह., निधन १८३६) यांच्यासारख्या हनफी विद्वानांनी कब्रस्तानातील हिरवे गवत व हिरवी झाडे तोडणे मकरूह मानले, वाळलेले तोडण्यास हरकत मानली नाही. कारण हिरवे आहे तोवर ते अल्लाहची तस्बीह करते.

म्हणजे आमच्या चिंचेचा निवाडा अगदी सरळ दिसतो. पूर्वेकडील भाग राखावा, पश्चिमेकडील तोडावा. मीही येथे थांबलो असतो. पण सूरह बनी इस्राईलमधील ४४ वी आयत थांबू देत नाही. तिचा आशय असा की सात आकाशे, पृथ्वी आणि त्यांतील सर्व अल्लाहची तस्बीह करतात, अशी एकही वस्तू नाही जी ती करीत नाही. मात्र तुम्हांला ती समजत नाही. भाष्यकारांत यावर चर्चा झाली. काहींनी 'प्रत्येक वस्तू' म्हणजे प्रत्येक सजीव वस्तू असा अर्थ घेतला. इक्रिमा (रह.) यांचे मत असे सांगतात की झाड तस्बीह करते, खांब करीत नाही. हजरत हसन बसरी (रह.) एकदा जेवावयास बसले होते. समोर लाकडी चौरंग आला. कुणीतरी विचारले, हा चौरंग तस्बीह करतो काय? ते उत्तरले की पूर्वी करीत असे. म्हणजे जेव्हा तो झाड होता तेव्हा. इतर भाष्यकारांनी मात्र आयतचा अर्थ तिच्या शब्दांइतकाच व्यापक ठेवला. त्यांच्या मते दगड आणि खांबही त्यात येतात.

हसन बसरींचे ते उत्तर मी त्या चिंचेपाशी उभा राहून आठवले. वाळलेल्या बाजूचे लाकूड पूर्वी तस्बीह करीत असे, असे धरू. पण आज ते लाकूड रिकामे आहे काय? त्याच्या कणाकणात जिवंत तंतू पसरले आहेत. ज्याला आपण मेलेले म्हणतो, त्यात दुसऱ्या जीवाची वस्ती झाली आहे. झाडाची तस्बीह जेथे संपली असे आपण समजतो, तेथे बुरशीची सुरू झाली आहे. यावरून मी फिकहचा नियम बदलू पाहतो असे कुणी समजू नये. वाळलेले लाकूड तोडणे जायज आहे आणि जायजच राहील. गरिबाच्या चुलीचा तो आधार आहे. परंतु जायज असलेली गोष्ट तुच्छतेने करणे आणि आदराने करणे यांत फरक आहे. आपण जनावर जिबह करतो, तेही अल्लाहचे नाव घेऊनच.

दोघांचे हक्क सारखे आहेत काय?

येथे एक शंका रास्त आहे. प्रत्येक वस्तू तस्बीह करीत असेल, तर वाघूळ आणि बुरशी यांच्याशी आपण सारखेच वागावे काय? मला वाटते, नाही. सूरह अल-अनआमच्या ३८ व्या आयतमध्ये भूमीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जीवांना मानवासारख्याच 'उम्मती', म्हणजे समुदाय, म्हटले आहे. वाघूळ या आयतमध्ये सरळ येते. त्याला भूक आहे, भय आहे, पिल्लाची माया आहे, वेदना आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण मुलांना सांगतो. तिच्या अखेरीस प्रत्येक सजीवावरील दयेचे पुण्य सांगितले आहे. म्हणून वाघळाचा आपल्यावर दयेचा हक्क आहे. पिल्लांच्या दिवसांत फांदी तोडणे, फटाके लावून हुसकावणे, गलोलीने मारणे हे त्या हक्काचे उल्लंघन आहे.

बुरशी चालत नाही, उडत नाही. तिला वेदना होत असल्याची कोणतीही खूण नाही. ती ३८ व्या आयतच्या समुदायांत बसत नसली, तरी ४४ व्या आयतच्या 'प्रत्येक वस्तू'मध्ये बसते. तिच्याबाबत दयेचा प्रश्न नाही. ओळखीचा आणि कृतज्ञतेचा आहे. ती उपटून टाकल्याने गुन्हा घडत नाही. परंतु तिला व्यर्थ म्हटल्याने आपण एका आयतच्या विरुद्ध बोलतो.

कुणी म्हणेल, वाघूळ बी पेरते, बुरशी खत करते, म्हणून दोघे उपयोगी; उपयोगी म्हणून राखा, एवढेच सांगावे. हा युक्तिवाद सोपा आहे, पण अपुरा आहे. उद्या एखाद्या जीवाचा उपयोग सापडला नाही तर? इमाम इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (रह., निधन १२६२) यांनी 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात माणसावर असलेले जनावरांचे हक्क सांगितले आहेत. त्यांत, जनावर म्हातारे वा आजारी होऊन त्याच्यापासून काहीच लाभ उरला नाही तरी त्याचा खर्च मालकाने चालवावा, असे ते म्हणतात. साडेसातशे वर्षांपूर्वी एका आलिमने उपयोग आणि हक्क यांची गाठ सोडविली होती. ज्यांच्या घरी वृद्ध आई-वडील आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

एका काठीची साक्ष

लाकूड कुजण्याचा सर्वांत मोठा प्रसंग कुरआनात सूरह सबामध्ये (आयत १४) आहे. प्रेषित सुलैमान (अ.) यांचा मृत्यू झाला तेव्हा ते काठीला टेकून उभे होते. जिन्न त्यांना जिवंत समजून कष्टाची कामे करीत राहिले. भूमीवरील एका क्षुद्र जीवाने ती काठी खाल्ली, देह कोसळला, आणि तेव्हा कुठे सर्वांना कळले. जिन्नांना परोक्षाचे ज्ञान असते तर ते त्या कष्टात राहिलेच नसते. भाष्यकार तो जीव म्हणजे वाळवी किंवा लाकूड खाणारा किडा मानतात.

आपल्या शेतांत उंच वारुळे बांधणाऱ्या वाळवीला स्वतःच्या बळावर लाकूड पुरते पचविता येत नाही. ती चावलेल्या लाकडावर वारुळाच्या आत एक विशिष्ट बुरशी वाढविते. बुरशी लाकूड मऊ करते, मग वाळवी ते खाते. पाऊस पडला की त्याच वारुळांवर अळंबी उगवते आणि लोक ती आवडीने खातात. सुलैमान (अ.) यांची काठी खाणारा जीव नेमका याच जातीचा होता असे मी म्हणत नाही, तसे म्हणण्यास आधार नाही. मला एवढेच दिसते की ज्या साम्राज्यात वारा आणि जिन्न आज्ञेत होते, तेथील सर्वांत मोठा भ्रम दूर करण्याचे काम अल्लाहने लाकूड पोखरणाऱ्या एका क्षुद्र जीवाकडे सोपविले. आमच्या गावातील कबर खोदणाऱ्या वृद्धाने तेच विचारले होते.

सावधगिरी आणि वैर

तरीही तरुणांची भीती निराधार नव्हती. निपाह विषाणूचे नैसर्गिक आश्रयस्थान फळे खाणारी वटवाघळे आहेत. २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोड भागात त्याने बळी घेतले. २०२० च्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले गेले, त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला या विषाणूचे पुरावे आढळले. त्याचप्रमाणे गॅनोडर्मा जिवंत झाडाचेही मूळ व बुंधा कमकुवत करते. अशी फांदी वादळात कोसळली तर जीव जाऊ शकतो. स्वतःला वा दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हे प्रेषितवचन इस्लामी कायद्याचा एक मूलाधार आहे. श्रद्धेच्या नावाने धोक्याकडे डोळेझाक करणे ही तवक्कुल नव्हे.

पण हानी टाळण्याचे उपाय असतात. वाघळाने कुरतडलेले फळ खाऊ नये. पडलेली फळे मुलांनी उचलू नयेत. खाण्याची फळे स्वच्छ धुवावीत. आजारी किंवा मेलेल्या वाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. वाघळांना हुसकावले तर ती नाहीशी होत नाहीत. विखुरतात आणि घरांजवळची झाडे धरतात. चिंच ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे. परवानगीवाचून ती तोडणे बेकायदेशीर आहे, आणि देशाचा न्याय्य कायदा पाळणे हेही वचनपालनच आहे.

पुढील जुमाला मी सर्वांसमोर माझे आधीचे उत्तर मागे घेतले. इमामाने घाईने दिलेले उत्तर मागे घेण्यात कमीपणा नाही. ते तसेच राहू देण्यात मात्र जबाबदारी आहे. पुष्कळ चर्चा झाली. अखेर असे ठरले की वाटेवर झुकलेली वाळलेली फांदी परवानगी घेऊन उतरवावी. जनाजाची वाट झाडाच्या विस्ताराबाहेरून न्यावी. बुंधा, ढोली आणि शेंडा यांना हात लावू नये. सर्वांचे समाधान झाले असे नाही. एक तरुण अजूनही म्हणतो की झाड एके दिवशी पडेलच. त्याचे म्हणणे खरे आहे. ते एके दिवशी पडेल, आणि आपणही.

त्या संध्याकाळी मी मगरिबपूर्वी कब्रस्तानात गेलो. ते वृद्ध आपल्या अब्बांच्या कबरीपाशी उभे होते. वाघळे फांद्या सोडू लागली होती. त्यांनी वर पाहिले, मग बुंध्यावरील बुरशीकडे पाहिले आणि फातिहासाठी हात उचलले. मीही उचलले.

हे अल्लाह, आम्हांला वस्तूंचे खरे स्वरूप जसे आहे तसे दाखव. आमच्या किळसेला आमचा न्यायाधीश होऊ देऊ नकोस. जे तुझे स्मरण करतात आणि ज्यांचे स्मरण आम्हांला समजत नाही, त्यांच्याशी आदराने वागण्याची सद्बुद्धी दे. आमच्या मृतांच्या कबरी प्रकाशाने भर आणि आमच्या परतीच्या दिवशी आम्हांवर दया कर. आमीन.